खेळाचा पडदा, कामाचा पडदा : सांगलीच्या रंगभूमीपासून घरातल्या मॉनिटरपर्यंत

यंदा दिवाळीच्या आधी आमच्या घरात एक वाद उभा राहिला. आमचा नातू सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टी लागली की साताऱ्याला आमच्याकडे येतो. टेबलावरचा जुना मॉनिटर डाव्या कोपऱ्यात पिवळा पडला होता, आणि तासाभरानं त्यावर एक उभी रेघ उमटायची. नवीन घ्यायचा हे ठरलं. पण कसला? नातवाला गेमिंगचा हवा होता आणि आम्हाला वाचायचा. टेबल एकच आणि रक्कमही एकच, १८,००० रुपये. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस आणि विशीतला मुलगा यांनी एकाच पडद्यासमोर बसायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं इतिहासाच्या व्याख्यानात मॉनिटर कशाला काढला? कारण या वादात आम्ही जे बोललो ते आमचं नव्हतंच. "खेळासाठी वेगळं यंत्र कशाला? काम होतंय ना, पुरे," हे वाक्य आमच्या तोंडून निघालं आणि निघता निघताच लक्षात आलं की हे आपण आधी ऐकलं आहे, आणि बोललोही आहोत. या वाक्याला फार जुनी वंशावळ आहे. आज ती थोडी उलगडून पाहू, आणि शेवटी मॉनिटर कोणता घेतला तेही सांगू. ते सांगितलं नाही तर तुम्ही आम्हाला सोडणार नाही, ठाऊक आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. 'खेळ'. मराठीत मुलं खेळतात तो खेळ, डोंबाऱ्याचा तो खेळ, नाटकाचा प्रयोग तोही खेळ, आणि सिनेमाचा पहिला खेळ, दुसरा खेळ, रात्रीचा शेवटचा खेळ. इंग्रजीत या सगळ्यांना निरनिराळे शब्द आहेत, आपण एकच ठेवला. बघणं आणि खेळणं यांच्यात आपल्या भाषेनं भिंत घातली नाही. नातू हेडफोन लावून पडद्यावर जे करतो त्याला 'गेम' म्हणून आपण परकं करतो, पण शब्द आपल्या घरातच होता.

आणि या शब्दाचं एक महत्त्वाचं ठिकाण आहे सांगली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हा खेळ केला. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले होते आणि तसं काही मराठीत व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ते काम त्यांनी भाव्यांवर सोपवलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो यासाठी. भावे लाकडी बाहुल्याही घडवत, म्हणजे हातानं यंत्र करणारा माणूस होता तो. राजाश्रय होता तोवर ठीक चाललं. चिंतामणराव गेल्यावर आश्रय आटला आणि मंडळी गावोगाव, पुढं १८५३ साली मुंबईला जाऊन तिकीट लावून खेळ करू लागली. करमणुकीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे, आणि कोणत्या खेळाला द्यायचे ते स्वतः ठरवायचं, ही गोष्ट मराठी माणसाला इथं लागली. निवड आली, आणि निवडीबरोबर घरातली कुरकुरही आली. नाटकाला जाणारा मुलगा वाया गेला असं म्हणणारी पिढी त्यानंतर फार काळ टिकली. आमच्या वडिलांच्या बोलण्यातही ती होती.

सिनेमाचा पडदा आमच्या भागात यात्रेबरोबर यायचा. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीला खंडोबाची. गाडीवर प्रोजेक्टर, कापडी तंबू, खाली माती, आणि पांढरा पडदा वाऱ्यानं पोट काढायचा. हिरो बोलता बोलता जाड व्हायचा आणि बारीक व्हायचा. पडद्याच्या मागच्या बाजूनंही लोक बसत, त्यांना सगळे डावखुरे दिसत. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गेला. ज्यांनी तंबूत सिनेमा पाहिला असेल त्यांनी तो जरूर पाहावा, यंत्रं कशी म्हातारी होतात ते कळतं.

त्या तंबूत आम्हाला एक गोष्ट कोणी सांगितली नाही आणि ती कळायला पुढं गौडपादाचार्य वाचावे लागले. सिनेमाचं चित्र हलत नाही. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं येतात आणि हलणं आपण आपलं करतो. मांडूक्य कारिकेचं चौथं प्रकरण आहे अलातशांती. अलात म्हणजे जळतं कोलीत. अंधारात कोलीत गरगर फिरवलं की अग्नीचं चक्र दिसतं. चक्र तिथं नसतं, एक ठिणगी असते. आचार्यांना त्यातून जगाबद्दल काही सांगायचं होतं, तो विषय आज नाही. पण मॉनिटर समजून घ्यायला याहून चांगला दृष्टांत आम्हाला मिळालेला नाही, कारण जुना काचेच्या नळीचा मॉनिटर म्हणजे अक्षरशः अलातचक्र होतं. १८९७ साली जर्मनीत फर्डिनांड ब्राउननं कॅथोड किरणांची नळी केली. तिच्यातून पुढं जो टीव्ही आणि मॉनिटर झाला, त्यात काचेवर एका क्षणी एकच ठिपका पेटत असे. तो ठिपका डावीकडून उजवीकडे, वरून खाली, रेघेखाली रेघ ओढत इतक्या वेगानं धावायचा की आपल्याला बातम्या देणारी बाई दिसायची. बाई नव्हतीच, कोलीत होतं.

मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळालं. गंमत पाहा, त्याच १९७२ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' बाजारात आला, पडद्यावर दोन दांडके आणि एक चेंडू. त्याच्याही आधी, १९५८ साली ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकानं ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ करून पाहुण्यांना खेळायला दिला होता. मोजमापाच्या यंत्रावर, म्हणजे अगदी कामाच्या यंत्रावर, खेळ! 'काम होतंय ना, पुरे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पडद्यावरचा खेळ कामाच्या यंत्रात नंतर घुसला असं नाही, तो पहिल्यापासून तिथं होता.

साताऱ्यात टीव्ही आला तेव्हा घराघरांवर अँटेनांचं जंगल झालं. कोणीतरी पत्र्यावर चढून "आलं का? आलं का?" ओरडायचं आणि खालून "मुंग्या! मुंग्या! जरा पुण्याकडं कर!" अजिंक्यताऱ्यावर मनोरा झाला तेव्हा मान उंचावून बघणाऱ्यांत आम्हीही होतो. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंग आला. ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होता ते पडद्यावर रंगीत कागद लावत, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आकाश निळं दिसायचं खरं, पण माणसाचं कपाळही निळं. काहींच्या संचाला लाकडी दारं असत आणि कार्यक्रम संपला की ती लावून कुलूप घालत. कपाटच ते. पाहुण्यांसमोर उघडायचं.

आमच्या घरात टीव्ही नव्हता. परवडत नव्हता असं नाही, आम्ही प्राध्यापक होतो, आणि 'आमच्या घरी ग्रंथ आहेत' हे वाक्य आम्हाला फार आवडत होतं. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ता ओस पडायचा. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. पहिले काही रविवार तो शेजारी आत बसून बघायचा. पण तिथं गर्दी वाढली आणि त्या घरातल्या कोणाच्या तरी कपाळाला आठ्या पडल्या असाव्यात, मग तो बाहेर, खिडकीच्या गजाला धरून बघू लागला. आम्ही मंडईतून येताना एकदा तो तसा उभा दिसला. दोन्ही हातांत गज, एक पाय वर. आम्ही त्याला हाक मारली नाही. घरी आलो, पिशवी ठेवली, आणि वाचत बसलो. काय वाचत होतो ते आज आठवत नाही. गज मात्र आठवतात.

असो.

संगणकाचा पडदा आमच्या जिल्ह्यांत पहिल्यांदा आला तो निव्वळ कामाचा म्हणून. सांगलीचं वालचंद कॉलेज, कऱ्हाडचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज, बँका, साखर कारखान्यांची ऑफिसं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. आयबीएमनं १९८१ साली आपल्या पहिल्या पीसीबरोबर असाच हिरवा मॉनिटर दिला होता, त्याचाच हा गोतावळा. हिरवा का? त्या फॉस्फरची चमक रेंगाळायची, म्हणून स्थिर अक्षरं लुकलुकत नसत. पण वर सरकणारी ओळ मागं शेपूट सोडायची. वाचायला उत्तम, खेळायला वाईट. बघा, आमच्या दिवाळीच्या वादाचा पहिला पुरावा १९८१ मधलाच आहे. जो पडदा स्थिर चित्राला चांगला तो हलत्या चित्राला वाईट, असा तिढा तेव्हा खरोखर होता. पुढं १९८७ साली, म्हणजे 'रामायणा'च्याच साली, व्हीजीए आलं, ६४० बाय ४८० ठिपके आणि सेकंदाला साठ वेळा ताजं होणारं चित्र. हे साठ हर्ट्झ इतकं चिवट निघालं की चाळीस वर्षं होत आली तरी बहुतेक कचेऱ्यांतले मॉनिटर तिथंच उभे आहेत.

१९९८ मध्ये वारणेचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तरेक गावं त्यात होती. उसाची नोंद आणि वजन, बिलाची माहिती शेतकऱ्याला गावातल्याच केंद्रावरच्या संगणकावर मिळावी ही कल्पना. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी आली. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीनं मॉनिटर पहिल्यांदा जवळून पाहिला तो या कोर्समध्ये. शिक्षक, तलाठी, नोकरी शोधणारी मुलं, लग्नाआधी 'कोर्स करून ठेव' म्हणून पाठवलेल्या मुली. एका संगणकाला दोघं-तिघं, पायताण बाहेर काढून आत जायचं, आणि मॉनिटरवर झाकायला भरतकाम केलेलं कापड. सर बाहेर गेले की त्याच पडद्यावर पत्त्यांचा डाव लागायचा. संध्याकाळी त्याच गल्लीतल्या सायबर कॅफेत मुलं तासावर पैसे देऊन गाड्या पळवत. कोर्सच्या फीला घरातून पैसे मिळत, कॅफेचे मिळत नसत. यंत्र तेच!

डोकं दुखण्याची तक्रार तेव्हा सगळीकडे होती आणि तिला कारण होतं. काचेच्या नळीच्या मॉनिटरला साठ हर्ट्झवर ठेवलं की चित्र लुकलुकायचं, डोळ्याच्या कडेनं पाहिलं तर स्पष्ट दिसायचं. पंच्याऐंशीवर नेलं की शांत. ही सोय बहुतेक मॉनिटरांत होती, सेटिंगमध्ये जाऊन बदलायची. कोणी बदलली नाही, कारण कोणी सांगितलं नाही. शेकडो माणसं वर्षानुवर्षं चष्म्याच्या दुकानात गेली आणि दोष होता दोन क्लिकच्या अंतरावर.

मग हे जाड मॉनिटर आमच्या घरांतून गेले कसे? शहरातली मंडळी सांगतात, दिसायला सुबक म्हणून. आमच्याकडे त्याची दोन कारणं झाली, वीज आणि पाणी.

विजेचं असं की कोयना आमच्याच जिल्ह्यात, आणि भारनियमनही आमच्याच गावात. त्या वर्षांत इन्व्हर्टर ही घरातली सगळ्यात आदरणीय वस्तू होती. नळीचा मॉनिटर सत्तर-ऐंशी वॅट सहज खायचा, चपटा एलसीडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागवायचा. बॅटरी जास्त वेळ पुरते, हा हिशेब दुकानदारानं सांगितला की गिऱ्हाईक तयार. रंग, कोन, वेग यांची चौकशी कोणी केली नाही. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीचे एलसीडी वेगाला मंदच होते, चेंडू जाईल तिकडं धुरकट शेपूट. खेळणाऱ्या मुलांनी जाड मॉनिटर बराच काळ सोडला नाही त्याचं कारण हे.

पाण्याचं कारण सांगलीकरांना सांगायला नको. २००५ च्या पुरात आमच्या एका स्नेह्यांच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात चार मॉनिटर होते, प्रत्येकी पंधरा किलोच्या आसपास. पाणी चढायला लागल्यावर दोघांनी मिळून एक उचलायचा, जिन्यावर नेऊन ठेवायचा, परत यायचं. दोन वर गेले, दोन राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्यात. या वेळी त्यांच्या सुनेनं सहाही मॉनिटर दोन फेऱ्यांत माडीवर नेले, काखेत धरून, पोळपाट धरावा तसे. यंत्राचा इतिहास लिहिताना असं वजन कोणी मोजत नाही, पण त्या दुकानाचा इतिहास त्या वजनावर ठरला. दुकान अजून चालू आहे.

आता दिवाळीच्या वादाकडं येऊ. आम्ही दोघं सांगलीच्या एका दुकानात गेलो, नाव सांगत नाही. विक्रेत्यानं खोक्यावरचा आकडा दाखवला, "एक मिलिसेकंद, सर." आम्ही विचारलं, कशाचा एक मिलिसेकंद? तो म्हणाला, "फास्ट आहे, सर." तर्कशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, दुकानात स्पेसिफिकेशन. मग नातवानं समजावून सांगितलं, आणि त्यानं सांगितलेलंच आम्ही पुढं तपासलं. ठिपक्यानं एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ एक. आणि मागचा दिवा मध्ये मध्ये विझवून चित्र डोळ्याला कमी वेळ दाखवायचं, हे मोजमाप दुसरं. दोन्ही मिलिसेकंदातच सांगतात आणि खोक्यावर जो आकडा लहान असेल तो मोठ्या अक्षरात छापतात.

मूळ मुद्दा वेगळा आहे आणि तो पुन्हा कोलिताचाच आहे. नळीच्या मॉनिटरात ठिपका पेटून विझायचा. एलसीडीत तो विझत नाही, पुढचं चित्र येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो. म्हणून लुकलुक गेली, डोळ्यांची मोठीच सोय झाली. पण हलणारी वस्तू पाहताना डोळा सलग सरकत असतो आणि चित्र मात्र थांबत थांबत उड्या मारतं, त्यामुळं कडा पुसट होतात. एक गाडी पडदा दोन सेकंदांत ओलांडते असं धरा. पडदा १९२० ठिपके रुंद, म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. साठ हर्ट्झवर ती एका चित्रात १६ ठिपके उडी मारते, डोळ्याला तेवढी पुसट पट्टी दिसते. १४४ हर्ट्झवर तीच उडी सातच्या आत येते. ठिपका कितीही चपळ असला तरी हे बदलत नाही. म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हा आकडा खरा. आणि त्यालाही मर्यादा आहे. साठ हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९, म्हणजे दहा मिलिसेकंदांची बचत. तिथून २४० वर गेलात तर आणखी जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. पैसे मात्र पहिल्यापेक्षा जास्त. ही पायरी कोणी खोक्यावर छापत नाही.

आमचा आक्षेप होता की हे सगळं त्याच्या गाड्यांसाठी, आम्हाला काय? आम्ही वाचतो. इथं आमचीच विकेट गेली. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आम्ही हल्ली पडद्यावर वाचतो, ग्रंथ उचलून मांडीवर घेणं मनगटाला झेपत नाही. आणि पडद्यावर वाचणं म्हणजे काय? पान वर सरकवत राहणं. साठ हर्ट्झवर सरकताना ओळी पुसट होतात, डोळे थांबतात, पुन्हा जागा शोधतात. वेगवान पडद्यावर ओळ सरकत असतानाही वाचता येते. गेमिंगचा म्हणून ज्याची हेटाळणी केली तो गुण विश्वकोश वाचणाऱ्या म्हाताऱ्याला जास्त लागू पडला.

उलट आमचा आग्रह त्याला मानावा लागला तो असा. त्याला २७ इंची हवा होता, पण साधा, १९२० बाय १०८० चा, कारण स्वस्त. आम्ही दुकानातच त्यावर विश्वकोश उघडला. इंग्रजी अक्षरं ठीक. मराठीत 'र्त्या', 'ष्ट्र', 'द्ध' यांचा चिखल, आणि रफाराजवळचा अनुस्वार दिसेना. देवनागरीत एका अक्षराच्या उंचीत वर मात्रा, मध्ये जोडाक्षर, खाली उकार एवढा संसार बसवायचा असतो. त्याला ठिपके जास्त लागतात. त्या मॉनिटरवर इंचाला ८२ ठिपके पडतात. तेच रिझोल्यूशन २४ इंचात घेतलं तर ९२. आणि २७ इंचात २५६० बाय १४४० घेतलं तर १०९. या शेवटच्यावर 'कर्तृत्व' पहिल्यांदा कर्तृत्वासारखं दिसलं. परीक्षणं लिहिणारे बहुतेक इंग्रजी अक्षरांवरून निकाल देतात, त्यांचं ऐकून मराठी वाचणाऱ्यानं मॉनिटर घेऊ नये. दुकानात आपलं पान उघडून पाहावं. चार-के घेतला तर अक्षर आणखी सुबक, पण ठिपके ३७ लाखांवरून ८३ लाखांवर जातात आणि ते सगळे हलवता हलवता नातवाच्या ग्राफिक्स कार्डाचा जीव जाईल. तिथं आम्ही थांबलो.

पॅनेलचा निर्णय लवकर झाला. टीएन जातीचा स्वस्त, पण किंचित बाजूला बसलं की रंग उडतात आणि आमच्या टेबलासमोर नेहमी दोघं असतात. व्हीए मध्ये काळा रंग गडद, सिनेमाला छान, पण काळोख्या जागी हलती वस्तू शेपूट सोडते. हिरव्या मॉनिटरची आठवण झाली! आयपीएस घेतला. ओएलईडी बजेटच्या बाहेर, आणि एकच चित्र दिवसभर राहिलं तर त्याचा डाग पडण्याची भीती. फुकटात मिळालेली एक सूचना मात्र सांगतो, ती आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची. प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेला माणूस पडदा उंच असला की हनुवटी वर करून खालच्या भिंगातून वाचतो आणि महिन्याभरात मान धरते. पडदा खाली घ्यावा. म्हणून वर-खाली होणारा स्टँड घेतला. आम्ही बसलो की खाली, तो बसला की वर. दिवसातून चार वेळा तो जिना चढतो-उतरतो.

घरी आणल्यावर नातवानं आधी सेटिंग उघडलं. मॉनिटर १६५ हर्ट्झचा, पण संगणकानं तो गुपचूप साठवरच लावला होता. एमएस-सीआयटीच्या काळातली तीच गोष्ट, पंचवीस वर्षांनी. त्याच्या होस्टेलवरचा एक मुलगा म्हणे वर्षभर असाच खेळला, खोक्यावरच्या आकड्यावर खूष.

आम्ही म्हटलं, फरक दिसतो हे सिद्ध कर. परीक्षा घेतली. तो पाठ करून बसायचा, आम्ही आकडा बदलायचा, मग त्यानं वळून ओळखायचं. साठ आणि एकशेवीस त्यानं दहा वेळांत दहा वेळा ओळखलं. कसं? माउसचा बाण गरगर फिरवायचा आणि त्याच्या मागं किती बाण उमटतात ते बघायचं. अंधारात कोलीत फिरवावं तसं. त्यानं गौडपादांचं नावही ऐकलेलं नाही. मग एकशेवीस आणि एकशेपासष्ट लावलं, तिथं चार वेळा चुकला. आम्ही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनी साठ-एकशेवीसचा फरक बाण फिरवून ओळखला. "आबा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा नवीन आहेत," तो म्हणाला. खरंच आहे, भिंग तीन वर्षांचंच आहे.

एवढ्यावर आमच्या आक्षेपांची तांत्रिक बाजू संपली, पण खरा आक्षेप तांत्रिक नव्हता. पडदा मुलाला खाऊन टाकेल ही ती भीती. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यातच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. लॉकडाउनमध्ये शाळा पाच इंची मोबाईलवर गेली, आणि शाळा परतली तरी मुलं मोबाईलमधून परतली नाहीत, त्यावर गावानं शोधलेला हा उपाय. आमच्या जिल्ह्यात भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. दोन्ही आम्हाला मनापासून आवडतात. पण वडगावच्या गोष्टीत लोक एक बारकावा विसरतात. तिथं यंत्र फोडलं नाही, कुलूप घातलं नाही, एकट्या मुलाकडून काढून घेतलं नाही. वेळ ठरवली आणि ती म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळ्यांनी पाळली. आम्ही १९८७ मध्ये केलं ते निराळं होतं. आम्ही नियम फक्त मुलासाठी केला. स्वतः त्या रविवारी कॉलेजातल्या सहकाऱ्याकडे चहाला गेलो की टीव्ही चालू असायचा, आणि आम्ही बघायचो.

वाद चालू होता त्या दिवसांत मुलाचा पुण्याहून फोन आला. आम्ही नेहमीप्रमाणे मांडणी केली, उपयोग आणि उपभोग वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अण्णा, घ्या त्याला. खिडकीतून बघायला लावू नका." आम्हाला वाटत होतं की त्या रविवारी त्यानं आम्हाला पाहिलं नव्हतं.

मॉनिटर आता पुढच्या खोलीत आहे, दार उघडं असलं की रस्त्यावरून दिसतो. सुट्टीत सकाळी आम्ही आणि विश्वकोश, रात्री तो आणि त्याचे मित्र, एक मिरजेचा, एक विट्याचा, एक कुठं ओडिशाचा. सात ते साडेआठ पडदा बंद, आमच्यासकट, आणि हा नियम त्यानंच सुचवला. परवा साडेसातला आम्हाला एक नोंद तातडीनं बघायची होती. उठून बटणाकडं हात नेला तर मागून आवाज आला, "आबा, तासभर थांबा."